पहिलं पिस्तूल घेताना: मुंबईत १० मीटर नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी

पॅरिस ऑलिंपिकला २०२४ साली मनू भाकरने पिस्तुलात दोन कांस्यपदकं मिळवली आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं. तेव्हापासून रेंजवर येणाऱ्या नवीन मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची संख्या वाढली आहे. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "कुठलं पिस्तूल घेऊ?" मी त्यांना विचारते, आतापर्यंत किती छर्रे मारलेत? बहुतेकांनी एकही मारलेला नसतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. इथे पिस्तूल म्हणजे ४.५ मिलिमीटरचं, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हनचं एअर पिस्तूल. नेमबाजीत सगळ्यात लहान कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, हेच, आणि पिस्तूल नेमबाज घडतो तो यावरच. स्वसंरक्षणासाठी शस्त्र हवं असेल तर तो विषय पूर्ण वेगळा आहे, त्याचा कायदाही वेगळा आहे.

आधी कायदा

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या हवेच्या शस्त्राचा बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आहे त्याला परवाना लागत नाही. १० मीटरचं मॅच पिस्तूल या मर्यादेच्या बरंच खाली असतं. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. हिशेब केला तर साडेपाच ज्यूलच्या थोडं वर येतं. पण म्हणून ते खेळणं ठरत नाही. साडेपाच ज्यूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे आहेत.

पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच कॅलिबरचं पिस्तूल, मात्र बंदुकीच्या दारूवर चालतं. त्याला शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना हवाच. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एअर पिस्तूल घेतानाही अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. तुमचं ओळखपत्र तो मागेल, ते द्या. बिलावर पिस्तुलाचा अनुक्रमांक लिहिलेला आहे ना, ते दुकानातच तपासा. हे बिल पिस्तूल असेपर्यंत जपायचं. त्याची एक प्रत केसमध्ये आणि एक फोटो फोनमध्ये ठेवा.

पहिले तीन महिने: क्लबचं पिस्तूल

मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकात नेमबाजी शिकवतात. पनवेलकडे राहणाऱ्यांसाठी नेमबाज सुमा शिरूर यांची लक्ष्य अकादमी आहे. शिवाय उपनगरांत लहान लहान १० मीटरच्या रेंज निघाल्या आहेत. घरापासून जवळची निवडा. जी रेंज कल्याणहून दोन गाड्या बदलून गाठावी लागते तिथे आठवड्यातून तीनदा जाणं दुसऱ्या महिन्यातच बंद पडतं, हे मी पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

नोंदणी करताना एवढं विचारा: क्लबची किती पिस्तुलं आहेत, डावखुऱ्यांसाठी आहे का, टार्गेट इलेक्ट्रॉनिक आहे की कागदाचं, आणि फायरिंग पॉइंटवर, म्हणजे जिथे उभं राहून नेम धरतात तिथे, प्रशिक्षक सगळा वेळ उभा असतो की अधूनमधून डोकावतो. शेवटचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

या तीन महिन्यांत तुम्हाला स्वतःबद्दल दोन-तीन गोष्टी कळतात, ज्या दुकानात कळत नाहीत. पहिली, प्रमुख डोळा कोणता. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर दिसतं तो प्रमुख. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोलायला हवं. दुसरी गोष्ट म्हणजे खांदा. १० मीटर पिस्तूल एका हाताने मारतात, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्याला. पिस्तूल साधारण एक किलोचं, म्हणजे एक लिटर दुधाची पिशवी हात सरळ करून धरल्यासारखं. ते सामन्यात साठ वेळा आणि त्याआधी सरावाच्या शॉटना आणखी काही वेळा उचलायचं असतं. ज्याला तिसाव्या शॉटला हात थरथरतो त्याने आधी खांद्यावर काम करावं. महागडं पिस्तूल घेतल्याने हात स्थिर होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे साइट, नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेल्या खुणा: पुढची फ्रंट आणि मागची, फट असलेली रिअर. पिस्तुलाच्या फ्रंट आणि रिअर साइटमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट फटीच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली की छर्रा टार्गेटवर ३ सेंटिमीटरच्या वर सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्या एका मिलिमीटरने दहाचा सात होतो. म्हणूनच प्रशिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगतात की नजर फ्रंट साइटवर ठेवा, काळा गोल धूसर दिसू द्या. हे अंगात मुरायला क्लबचं जुनं पिस्तूल पुरतं.

ग्रिप

खरेदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि लोक सगळ्यात कमी वेळ त्याला देतात. दुकानात नळीची, कंपनीची, रंगाची चर्चा अर्धा तास चालते आणि ग्रिपचा विषय "मीडियम द्या" एवढ्यावर संपतो.

अक्रोडाची किंवा लॅमिनेटची ग्रिप एस, एम, एल अशा मापांत येते, उजवी आणि डावी वेगळी. पंजाची रुंदी आणि बोटांची लांबी मोजून घ्या. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एका कंपनीत एम असलेला दुसरीत एस निघू शकतो. मग पिस्तूल हातात घेऊन हे तपासा:

डोळे मिटून हात वर करा, खांद्याच्या रेषेत आणा, मग डोळे उघडा. फ्रंट साइट फटीच्या मध्यभागी आणि वरच्या कडा एका रेषेत दिसायला हव्यात. ती सतत डावीकडे किंवा वर दिसत असेल तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाशी जुळत नाही. दहा वेळा करा, एकदा जुळणं योगायोगही असतो.

चापावरचं बोट ग्रिपच्या लाकडाला घासता कामा नये. बोटाचं पहिलं पेर चापावर मधोमध बसायला हवं आणि बोट सरळ मागे यायला हवं.

अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपमध्ये जितकी वर जाईल तितकी चांगली. तिथे पोकळी राहिली तर प्रत्येक वेळी हात वेगळ्या जागी बसतो.

तळव्याखालची फळी वरखाली सरकते. ती हाताला स्पर्श करण्याएवढीच असावी, आवळून टाकणारी नको. नियमानुसार मनगट मोकळं राहायला हवं, ग्रिपचा कुठलाही भाग त्याच्याभोवती येता कामा नये.

कुठलीही तयार ग्रिप पूर्ण जुळत नाही. उंचवटा पॉलिश पेपरने घासायचा, पोकळी एम-सीलने भरायची, आणि हे काम आठवड्याला थोडं थोडं करायचं. आमच्याकडे कळव्याहून येणारी एक मुलगी होती. भावाची एल मापाची ग्रिप वापरायची आणि तिचे शॉट कायम उजवीकडे खाली जायचे. चापाचा दोष समजून सहा महिने तिने चापावरच मेहनत घेतली. एम ग्रिप लावली, बेचकीत थोडा एम-सील भरला, आणि दोन आठवड्यांत तिच्या शॉटचा गट मध्यावर आला. त्या सहा महिन्यांची मला अजून हळहळ वाटते, कारण पहिल्या दिवशी तिचा हात कोणीतरी नीट बघायला हवा होता, आणि ते काम आमचं होतं.

पिस्तूल निवडताना

नवीन घेताना स्टेअर, मोरिनी, वाल्थर, फाइनवर्कबाऊ, पार्दिनी ही नावं कानावर येतील. सगळी उत्तम आहेत, आणि भारतात येईपर्यंत किंमत लाखाच्या वर सहज जाते. या पातळीवर एकापेक्षा दुसरं चांगलं हा वाद निरर्थक आहे. तुमच्या रेंजवर ज्या कंपनीची जास्त पिस्तुलं आहेत ती कंपनी घ्या. सामन्याच्या सकाळी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटली तर शेजारच्या लेनवरून मिळते.

नियमात बसतं का, हे विक्रेत्याला विचारा: वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावायला हवं, आणि चापाचा भार, म्हणजे चाप सुटायला लागणारं वजन, कमीत कमी ५०० ग्रॅम. स्पर्धेआधी वजन टांगून हा भार मोजतात. चाप बरोबर ५०० वर लावून ठेवू नका. पाच-दहा ग्रॅम वर ठेवा, नाहीतर तपासणीच्या टेबलावर चाप सुटेल आणि ऐनवेळी स्क्रू फिरवत बसावं लागेल.

स्प्रिंगचं पिस्तूल स्वस्त मिळतं, पण झटका देतं आणि त्या झटक्याची सवय पुढे नडते. दाबाखालच्या हवेवर चालणारं, म्हणजे सिलिंडरचंच घ्या.

जुनं पिस्तूल घेणं चुकीचं नाही, पहिल्यासाठी मी बऱ्याचदा तेच सुचवते. पण हवेचा सिलिंडर आधी बघा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांनंतर तो वापरू नका असं सांगतात. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर पुढे येऊ देत नाहीत. माझं पहिलं स्वतःचं पिस्तूल मी एका ओळखीच्या माणसाकडून घेतलं. नळी स्वच्छ होती, चाप सुरेख होता, आणि सिलिंडरची मुदत संपायला चार महिने उरले होते. तारीख मी घरी येऊन वाचली. नवीन सिलिंडर परदेशातून यायला लागलेले महिने मी पुन्हा क्लबच्या पिस्तुलावर काढले. तारीख वाचा, मग किमतीचं बोला.

त्यानंतर सिलिंडर भरून दाबमापकावरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर गळती आहे. पंचवीस-तीस छर्रे मारून कागदावरचा गट बघा. बिलावरचा आणि पिस्तुलावरचा अनुक्रमांक जुळवा. बिल नसलेलं पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

छर्ऱ्यांबद्दल थोडक्यात: चपट्या डोक्याचे, मॅचसाठीचे, पाचशेच्या डब्यातले. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं असतं आणि प्रत्येक नळीला त्यातलं एक जास्त मानवतं. सुरुवातीला ४.५० घ्या. माप शोधण्याची घाई सामन्यात सहाशेपैकी पाचशे सत्तर गुणांच्या पुढे गेल्यावर करा.

रेंजवर आणि रस्त्यात

पिस्तूल रिकामं आहे असं कधीच गृहीत धरायचं नाही. तोंड टार्गेटकडे, बोट चापाबाहेर, आणि हातातून खाली ठेवताना छर्रा भरायचा लिव्हर उघडा ठेवलेला, नळीत भडक नारिंगी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी खूण) घातलेला. कोणी टार्गेटकडे गेलं असेल तर पिस्तुलाला हात लावायचा नाही, साइट बघायलासुद्धा नाही. 'स्टॉप' ऐकू आलं की अर्धवट ओढलेला चापही सोडायचा.

छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका. घरी लहान मूल असेल तर कपडे बदलून मग उचला.

लोकलमध्ये पिस्तूल कुलूपबंद कडक केसमध्ये, सिलिंडर काढलेला, छर्ऱ्यांचा डबा वेगळ्या कप्प्यात. केसवर पिस्तुलाचं चित्र किंवा कंपनीचं मोठं नाव असेल तर ती साध्या सॅकमध्ये घाला. गर्दीत कोणी "काय आहे?" विचारलं म्हणून उघडून दाखवायचं नाही, मित्रानेही विचारलं तरी नाही. दुरून ते खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं आणि सव्वासहाच्या विरार लोकलमध्ये घाबरलेली गर्दी काय करेल ते सांगता येत नाही. पोलिसांनी किंवा आरपीएफने विचारलं तर शांतपणे क्लबचं ओळखपत्र आणि बिल दाखवा, केस उघडायची तर त्यांनी सांगितल्यावर आणि त्यांनी सांगितलेल्या जागी.

घरी कपाटात कुलूप. गॅलरीतून कबुतरांवर किंवा गच्चीतल्या डब्यावर नेम धरणारा मुलगा माझ्याकडे शिकत असेल तर त्याचं शिकणं त्याच दिवशी थांबतं. घरच्या सरावासाठी ड्राय फायर आहे. मॅच पिस्तुलात छर्ऱ्याशिवाय चाप ओढायची सोय असते. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फक्त साइट आणि चाप, रोज वीस मिनिटं. वन बीएचकेमध्येही ते जमतं.

मुंबईची हवा

पिस्तुलाची निगा सांगणारी पुस्तिका युरोपात लिहिलेली असते. तिथल्या कोरड्या हवेत जे सहा महिन्यांनी करायचं ते आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला करावं लागतं. समुद्राची खारी हवा, घाम आणि पावसाळ्याची दमट हवा या तिघांनी मी चांगली पिस्तुलं खराब होताना पाहिली आहेत.

रेंजवरून आल्यावर पिस्तूल लगेच केसमध्ये बंद करू नका. केसमधला फोम घाम आणि ओल धरून ठेवतो. आधी कोरड्या सुती कापडाने धातूचा प्रत्येक भाग पुसा, विशेषतः चाप आणि ग्रिपजवळची जागा. मग पातळ गन ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन बाहेरून फिरवा. तेल थेट पिस्तुलावर ओतायचं नाही आणि हवेच्या मार्गात, सिलिंडरच्या तोंडाशी ते कधीच जाऊ द्यायचं नाही. दाबाखालच्या हवेत खनिज तेल पेटू शकतं आणि रबराची सीलही खातं. ओ-रिंगला फक्त उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकं. घराघरात असणारा गंज काढायचा स्प्रे पिस्तुलापासून लांब ठेवा.

केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी मिळते: निळी असेपर्यंत काम करते, गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येते. तवा मात्र जुना, जेवणासाठी न वापरायचा. आठवड्यातून एकदा केस पंख्याखाली उघडी ठेवा. लाकडाची ग्रिप पावसाळ्यात फुगते. तुम्हाला ऑगस्टमध्ये ग्रिप अचानक घट्ट वाटली तर लगेच घासू नका, नोव्हेंबरमध्ये ती सैल होईल.

सिलिंडर भरणं हे नवख्यांना सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच चूक महाग पडते. बहुतेक पिस्तुलांची मर्यादा २०० बार (बार हे दाबाचं एकक). क्लबच्या मोठ्या सिलिंडरमधून भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. झटकन भरला तर आतली हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात तो बाहेरचं बाष्पही आत ढकलतो. ओल शोषणारा फिल्टर लावलेला पंपच घ्या आणि दर काही मिनिटांनी पंपातलं पाणी सोडा.

एक गोष्ट ठळक लिहायला हवी. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. घरी आजारी माणसासाठी आणलेला वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर असेल आणि कोणी म्हणालं "हवाच ती, यातून भरू," तर हात जोडून नाही म्हणा. ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

दाब साधारण सत्तर-ऐंशी बारच्या खाली गेला की शॉट खाली पडू लागतात. मुलं साइट फिरवत बसतात आणि दोष हवेचा असतो. सामन्याला जाताना सिलिंडर पूर्ण भरलेला ठेवा. विमानाने स्पर्धेला जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करून, पिस्तूल चेक-इन सामानात, आणि विमान कंपनीला आधी कळवून.

नळी साफ करायला फेल्टचे छोटे गोळे मिळतात. पाचशे ते हजार छर्ऱ्यांनंतर दोरीला लावून मागच्या बाजूने तोंडाकडे ओढायचे, उलट दिशेने नाही. काळपट रंग यायचा थांबला की बस. ब्रशने रोज घासणारे नळीचं तोंड खराब करतात. आणि छर्ऱ्यांवर पांढरी पावडर दिसली तर तो डबा टाकून द्या. ते ऑक्सिडाइज झालेलं शिसं आहे, नळीलाही वाईट आणि तुमच्या फुप्फुसांनाही.

चापाचे स्क्रू पहिलं वर्ष फिरवू नका. फिरवायचेच झाले तर अर्धा वेढा, आणि वहीत लिहून. इलेक्ट्रॉनिक चापाच्या पिस्तुलात बॅटरी वापरात नसताना काढून ठेवा, पावसाळ्यात ती पाझरते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर पात्रता फेरीच्या मध्यात मोडला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्याकडे जगातलं उत्तम पिस्तूल होतं आणि काळजी घेणारी माणसं होती. म्हणून सामन्याला निघताना लिव्हर, स्क्रू, ओ-रिंग, बॅटरी एकेक हात लावून तपासा, आणि सुटे भाग डबीत घ्या.

पॉइंट टू टूकडे कधी

एअर पिस्तुलात किमान वर्षभर नियमित सराव आणि राज्य पातळीवरचा एखादा सामना झाल्यावर. २५ मीटरची स्पोर्ट पिस्तूल स्पर्धा पॉइंट टू टूवर होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली वर्ल्ड कपमध्ये सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. सुरुवातीला क्लबच्या परवान्यावरचं पिस्तूल रेंजवर, प्रशिक्षकासमोर वापरता येतं.

स्वतःचं हवं असेल तर परवान्यासाठी मुंबईत पोलीस आयुक्त हे अधिकारी आहेत. अर्ज सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, वय साधारणपणे २१ पूर्ण हवं, पोलीस पडताळणी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नामांकित खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत, त्या तुमची संघटना सांगेल. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायचा आदेश आला तर तो पाळायचा आणि पावती सांभाळायची. खेळाडूंना सूट मिळवण्यासाठी संघटनेचं पत्र लागतं, ते वेळेत मागा.

तोवर एक वही घाला: तारीख, किती छर्रे, सिलिंडरचा दाब, नळी कधी साफ केली, कुठला स्क्रू किती फिरवला, सिलिंडरची मुदत कधी संपते. पहिल्या पानावर अनुक्रमांक लिहा.